दवंडीवाला आणि वार्ताहर

मुंबई दूरदर्शनच्या, म्हणजे आजच्या 'सह्याद्री' वाहिनीच्या, बातम्यांविषयी महाराष्ट्रात दोनच मते ऐकू येतात. पहिले मत असे की, त्या बातम्या कोणी पाहतच नाही. सरकारी खाते, सरकारी बातमी, तिच्यात काय राम असणार? दुसरे मत वयाने थोडे वडील आहे. ते म्हणते की, इतर वाहिन्यांवरची हमरीतुमरी ऐकून कान किटले म्हणजे सह्याद्री लावावी. उच्चार शुद्ध, आवाज संथ, कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. पहिले मत तिरस्काराचे आहे आणि दुसरे कौतुकाचे. पण माझ्या मते दोन्ही सारखीच अपमानकारक आहेत. कारण या बातम्यांकडून बातमीची अपेक्षा ठेवायची नसते, हे दोघांनीही मनोमन मान्य करून टाकले आहे. एकाने पाठ फिरवली आहे; दुसरा त्यांच्याकडे अंगाईगीत म्हणून पाहतो.

मला या दोघांशीही भांडायचे आहे, आणि ज्यांच्या कृपेने हे दोघे असे झाले त्या सत्ताधाऱ्यांशी तर त्याहून अधिक. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या दूरचित्रवाणीने राज्याच्या राजकारणाची बातमी द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न आपण पन्नास वर्षांत धसाला लावलेला नाही. तो लावल्यावाचून गत्यंतर नाही, इतकेच मला येथे सांगायचे आहे.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. कोतवाल डफ वाजवी, चार माणसे ओट्यावर येत, आणि मामलेदार कचेरीचा निरोप तो मोठ्याने सांगे. दवंडीवाला खोटे बोलत नसे, हे त्याच्याविषयी अवश्य सांगितले पाहिजे. सांगितलेले तो शब्दशः सांगे. पण एखाद्या कुणब्याने 'सारा का वाढवला हो?' असे विचारले, तर त्याच्याजवळ उत्तर नसे. आणि तो प्रश्न कचेरीपर्यंत उलट पोहोचवणे हे तर त्याच्या कामातच बसत नसे. निरोप वरून खाली येई. खालून वर काहीही जात नसे. सह्याद्रीच्या बातम्या खोट्या असतात, असा माझा आरोप नाही. त्या दवंडी असतात, असा माझा आरोप आहे.

थोडा इतिहास आठवावा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईच्या वरळी केंद्रावरून प्रक्षेपण सुरू झाले. दिल्लीचे केंद्र १९५९ साली निघाले होते. त्यानंतरचे हे देशातले दुसरे. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपक बसला आणि पुण्याला चित्र दिसू लागले. आमच्या नाशिककडे ते यायला आणखी बराच काळ जावा लागला. त्या पहिल्या पिढीने मराठी घरांवर जे गारूड केले ते आजही ओसरलेले नाही. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे, आणि चित्रपटात जाण्यापूर्वीची स्मिता पाटील, ही माणसे बातम्या वाचत आणि त्यांचे उच्चार ऐकून आमच्या आधीच्या पिढीने आपली बोली घासूनपुसून घेतली. प्रदीप भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले तेव्हा, घरातलेच कोणी गेल्यासारखी माणसे हळहळली. ते योग्यच झाले.

परंतु ही सारी नावे कोणाची आहेत? वृत्तनिवेदकांची. बातमी वाचणाऱ्यांची. आता त्याच पन्नास वर्षांतल्या मुंबई दूरदर्शनच्या अशा एका वार्ताहराचे नाव सांगा की, ज्याच्या प्रश्नाने मंत्रालयातल्या एखाद्या दालनात घाम फुटला. मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. ज्या संस्थेत बातमी वाचणारा अजरामर होतो आणि बातमी आणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, त्या संस्थेने बातमीला काय किंमत दिली, ते निराळे सांगावयास नको. आवाज आम्हाला मिळाला. तो कोणाचा निरोप सांगतो आहे, हे विचारायचे मात्र आम्ही विसरलो.

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून एक गोष्ट मला इतरांपेक्षा थोडी लवकर खुपते. आमच्या व्याकरणात प्रयोग असतात. कर्तरी प्रयोगात कर्ता समोर उभा राहतो आणि क्रियापद त्याच्या तंत्राने चालते. कर्मणी प्रयोगात कर्त्याला पडद्याआड जाण्याची सोय असते. ही सोय भाषेने सज्जनपणे दिलेली आहे. सरकारी मराठीने तिचा राजमार्ग केला. सह्याद्रीची एखादी बातमीपत्रिका वही-पेन्सिल घेऊन ऐका. पुलाचे उद्घाटन असेल तर 'मुख्यमंत्र्यांनी केले'. धनादेशांचे वाटप असेल तर 'पालकमंत्र्यांच्या हस्ते झाले'. तेथे कर्ता नावागावासह, हारतुऱ्यांसह हजर. पण निर्णय नडणारा असला की, तो 'घेण्यात आला'. भाव पडले की, 'उपाययोजना करण्यात येत आहेत'. पोलिसांनी काठ्या चालवल्या की, 'सौम्य बळाचा वापर करण्यात आला'. कोणी घेतला, कोण करीत आहे, कोणी चालवल्या? कर्ता गुप्त! चांगल्या कामाला कर्ता आणि वाईट कामाला कर्मणी प्रयोग, असे हे व्याकरण आहे. ते कोणत्याही शालेय पुस्तकात नाही, पण महाराष्ट्राच्या घराघरांत ते रोज शिकवले जाते.

हे वैयाकरणाचे चोचले आहेत असे कोणाला वाटेल. तर मग आमच्या जिल्ह्यातला कांदाच पाहा. नाशिक जिल्ह्यात राजकारण म्हणजे कांदा, हे लासलगावच्या बाजार समितीत एक सकाळ उभे राहणाऱ्यालाही समजते. उन्हाळ कांदा शेतकरी उन्हाळ्यात काढतो, चाळीत भरतो आणि पावसाळ्यात भाव बघून थोडा थोडा बाजारात नेतो. ती चाळ हीच त्याची बँक. नेमक्या अशा वेळी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. मग २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटल दराने सरकारी संस्थांमार्फत घेण्याची घोषणा झाली. ८ डिसेंबरपासून निर्यात बंदच झाली. ४ मे २०२४ रोजी, म्हणजे आमच्याकडच्या २० मेच्या मतदानाला सोळा दिवस उरले असताना, ती उठली. पण ४० टक्के शुल्क होतेच. विधानसभेची निवडणूक डोळ्यांसमोर आली तेव्हा, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, ते निम्मे झाले. आणि १ एप्रिल २०२५ पासून ते साफ गेले.

आता यातली प्रत्येक पायरी बातमीत सांगता येते, आणि सांगितलीही जाते: शुल्क लावण्यात आले, खरेदी करण्यात येणार आहे, बंदी उठवण्यात आली, शेतकऱ्यांना दिलासा. यात एकही वाक्य असत्य नाही. पण लासलगावच्या ओट्यावर उभ्या असलेल्या वार्ताहराने कोणते प्रश्न विचारायला हवे होते? २,४१० रुपयांनी खरेदी कोणत्या केंद्रावर झाली, आणि त्यांत शेतकऱ्याचा स्वतःचा कांदा किती नि मधल्या दलालाचा किती? राज्य सरकारने दिल्लीला या बाबतीत पत्र लिहिले काय, लिहिले असल्यास त्यात काय म्हटले? आमच्या जिल्ह्यातले खासदार-आमदार, दोन्ही बाजूंचे, त्या आठवड्यात कोठे होते? 'दिलासा' हा शब्द मंत्र्याचा की शेतकऱ्याचा? हे प्रश्न बंडखोरीचे नाहीत. बाजार समितीच्या चहाच्या टपरीवर ते रोज विचारले जातात. फक्त ज्याच्या हातात लोकांच्या पैशाचा ध्वनिक्षेपक आहे, तो ते विचारीत नाही.

परिणाम काय झाला? ४ जून २०२४ रोजी मतपेट्यांतून उत्तर आले. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांनी गमावली. त्याला कारणे अनेक असतील. पण कांदा हे एक होते, हे नंतर सत्ताधाऱ्यांच्या पुढाऱ्यांनीही मान्य केले. ज्यांनी दहा महिने फक्त दवंडी ऐकली होती, त्यांना हा निकाल आभाळातून पडल्यासारखा वाटला. म्हणजे दवंडी जनतेला अंधारात ठेवते हे तर खरेच. पण ती राजालाही अंधारात ठेवते. शहाण्या राज्यकर्त्याने निदान स्वार्थासाठी तरी खरा वार्ताहर पदरी नव्हे, पण जवळपास असू द्यावा.

येथे सह्याद्रीच्या वार्ताहरांवर तोंडसुख घेऊन मोकळे होणे सोपे आहे. मी ते करणार नाही, कारण दोष त्यांच्या कण्यात नसून त्यांच्या नेमणुकीत आहे. दूरदर्शनचा जिल्ह्याचा माणूस बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला स्ट्रिंगर म्हणतात. कॅमेरा त्याचा, पेट्रोल त्याचे, आणि मोबदला बातमीमागे. सरळ हिशेब करा. सुरगाण्याच्या पाड्यावर पाण्यासाठी हंडे घेऊन दरीत उतरणाऱ्या बायांचे चित्रण करायला दिवस जातो, आणि ते लागेल की नाही याची खात्री नाही. नाशिकच्या शासकीय विश्रामगृहावर मंत्र्यांची आढावा बैठक टिपायला अर्धा तास लागतो, आणि ते हमखास लागते. प्रपंच असलेला माणूस काय करील? आपण त्याच्या जागी काय केले असते? तो भेकड नाही. त्याला दवंडीचेच पैसे मिळतात.

वर मुंबईला बसलेल्या संपादकांची कथा आणखी न्यारी आहे. आकाशवाणी-दूरदर्शनच्या वृत्तविभागांची सूत्रे वर्षानुवर्षे भारतीय माहिती सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे आहेत. याच सेवेतले अधिकारी पत्र सूचना कार्यालयात बसून सरकारची प्रसिद्धिपत्रके काढतात. आज जो सरकारची बाजू सांगतो तोच, बदली झाली की, उद्या सरकारविषयीची बातमी पारखतो. त्यांत विद्वान, सचोटीची माणसे असतात याविषयी मला शंका नाही. पण फिर्यादीचा वकील दर तीन वर्षांनी न्यायाधीश होत असेल आणि परत वकिलीला जात असेल, तर त्या न्यायालयाला कोणी न्यायालय म्हणेल काय?

गंमत अशी की, कायदा आमच्या बाजूचा आहे. आणीबाणीत दूरदर्शनचा जो वापर झाला तो जुन्या वाचकांना आठवत असेल. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत जयप्रकाशांची सभा, म्हणून लोकांना घरी बसवण्यासाठी दूरदर्शनवर 'बॉबी' दाखवण्यात आला. आणि हा कर्मणी प्रयोग पाहा, तो कोणी दाखवला ते बातमीत कधी आले नाही! त्यानंतर जनता राजवटीत बी. जी. वर्गीस यांची समिती बसली. तिने सरकारपासून अलग असा न्यास सुचवला. तो कागदावर राहिला. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंगांच्या काळात प्रसारभारतीचा कायदा संमत झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडले. मधल्या सात वर्षांत दिल्लीत सरकारे आली नि गेली, कायदा फडताळात. विरोधात असताना स्वायत्ततेची आरती म्हणायची आणि गादीवर बसताच तीच आरती स्वतःपुढे ओवाळून घ्यायची, या बाबतीत आमच्या सर्व पक्षांत जी एकवाक्यता आहे ती दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रीय प्रश्नावर सापडणार नाही.

त्या कायद्याचे बारावे कलम वाचण्याजोगे आहे. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मोकळेपणाने, सत्याला धरून आणि वस्तुनिष्ठपणे मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपणे, आणि परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणे, हे या संस्थेचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. 'परस्परविरोधी मतांसह' हे शब्द कायद्यातले आहेत, माझे नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगून ठेवले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे वार्ताहराने मंत्र्याला दुसरा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते त्याचे कायदेशीर काम आहे. न विचारणे हीच कामचुकारी.

यावर एक व्यवहारी आक्षेप नेहमी येतो: 'अहो, ज्याचे मीठ खायचे त्याचे गाणे गायचे.' मी या आक्षेपाला भीत नाही, कारण माझ्यासारख्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगारही सरकारी तिजोरीतूनच येतो. म्हणून वर्गात मी मंत्र्यांची भाषणे पाठ करून घेत नाही. जिल्हा न्यायाधीशाचा पगार सरकार देते; तो सरकारविरुद्ध निकाल देतो. एसटीचा ड्रायव्हर पालकमंत्र्यांच्या गावाला वळसा घालून गाडी नेत नाही. मीठ सरकारचे नसते, लोकांचे असते. सरकार वाढपी आहे. वाढप्याने पंगतीवर उपकार केल्याचा आव आणू नये. विलायतेत बीबीसी प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालते आणि तिच्याशी भांडला नाही असा पंतप्रधान तेथे विरळा. आमच्याकडेही एके काळी रेडिओ-दूरचित्रवाणी संचाला परवाना काढावा लागे. परवाना गेला, कराचा पैसा राहिला. मालक तोच आहे: तुम्ही आणि मी.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: 'आता मराठी बातम्यांच्या इतक्या खाजगी वाहिन्या आहेत; सह्याद्रीची गरजच काय?' या विचाराचे टोक २०२३ च्या जूनमध्ये दिसले. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा हुकूम निघाला. लोकांनी ओरड केली, तेव्हा तो स्थगित झाला. म्हणजे ओरडले की ऐकू जाते, हा त्यातला चांगला धडा. पण वार्ताहर कमी करून बातमी चालवता येईल असे वरच्यांना वाटते, हा वाईट धडा विसरू नये.

आणि त्या खाजगी वाहिन्यांनी राज्याचे राजकारण कसे सांगितले? २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाटेची शपथ, जून २०२२ मधले सुरत-गुवाहाटीचे आमदार-पर्यटन, २ जुलै २०२३ चा दुसरा शपथविधी. चार वर्षांत महाराष्ट्राने जे पाहिले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठवले असते. त्या दिवसांत खाजगी वाहिन्यांची माणसे हॉटेलच्या फाटकाबाहेर रात्रंदिवस उभी होती. आत कोण जेवले, कोण झोपले, खिडकीतून कोणी हात हलवला, हे आम्हाला क्षणाक्षणाला समजत होते. पण पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट १९८५ साली का आले, एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३ साली का बुजवली, दोनतृतीयांश आमदार गेले तरी विलीनीकरणावाचून त्यांना संरक्षण मिळते की नाही, अध्यक्षांनी निकाल किती दिवसांत द्यावा. ज्यावर सारे अवलंबून होते ते कोण सांगत होते? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला आणि विधानसभा अध्यक्षांचा १० जानेवारी २०२४ ला. या दोन तारखांमधल्या आठ महिन्यांत, मतदाराचे मत नेमके कोणाच्या खिशात आहे हे त्याला समजावून सांगणे, हे सार्वजनिक दूरचित्रवाणीचे काम होते. तिला जाहिरातीसाठी धावायचे नसते, ओरडायचे नसते. तिच्याजवळ शांतपणा आहे, शुद्ध भाषा आहे, वेळ आहे. नाही तो फक्त प्रश्न.

खाजगी वाहिनी निष्पक्ष असेलच असे नाही, आणि असली तरी तिचे लक्ष जेथे गर्दी तेथे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. वनजमिनीचे हक्क मागणारे सुरगाणा-पेठ-कळवणचे आदिवासी त्यांत बहुसंख्य होते. सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर ते चालले. दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून ते पहाटे आझाद मैदानात पोहोचले. त्या पोरांच्या परीक्षेची चाड रक्ताळलेल्या पायांना होती. मोर्चा मुंबईच्या वेशीवर येईपर्यंत मात्र बहुतेकांचे कॅमेरे तिकडे फारसे वळले नव्हते. ही माणसे नाशिकमध्ये जमत होती तेव्हा बातमी देणे कोणाचे काम होते? ज्यांच्या पाड्यावर महिन्याचे शुल्क न भरता दूरदर्शनच्या फुकट छत्रीवर चित्र दिसते, त्यांची बातमी त्याच छत्रीतून आधी यायला नको होती काय?

आता थोडे आपणा साहित्यिकांविषयी. दिवाळी अंकाचा वाचक आणि लेखक या दूरदर्शनशी जुन्या लोभाने बांधलेला आहे. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांच्या आठवणी काढून आपण सुस्कारे टाकतो. कविसंमेलनाचे बोलावणे आले की, शाल पांघरून जातो. नाटकाच्या एका संवादाला कात्री लागली तर आपण निषेधाची पत्रके काढतो. पण त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, रोज संध्याकाळी बातमीची जी कर्ताहीन वाक्ये तयार होतात, त्यांविषयी आपण कधी अवाक्षर काढले काय? भाषा ही आपली मिरास आहे असे आपण म्हणतो ना? मग जिच्यातून कर्ता चोरीला जातो ती भाषा आपल्यासमोर लुटली जात आहे. दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'ची आठवण म्हणून पत्रकार दिन होतो. १८३२ सालच्या त्या विशीतल्या तरुणाने पत्राला नाव दिले ते आरशाचे. मंत्र्याला फक्त त्याचा हसरा चेहरा दाखवणारा आरसा बाजारात मिळत नाही. तो मुद्दाम घडवून घ्यावा लागतो.

नुसते खडे फोडून उपयोग नाही. काय व्हावे तेही सांगतो. प्रत्येक जिल्ह्याला पगारी, कायम नेमणुकीचा निदान एक वार्ताहर द्यावा, आणि बातमीखाली त्याचे नाव झळकू द्यावे. नाव आले की जबाबदारी येते आणि अब्रूही. वृत्तविभागाचे संपादक माहिती सेवेतून उसने न आणता पत्रकारितेतून, उघड स्पर्धेने निवडावेत. मंत्र्याची घोषणा ज्या बातमीपत्रात, विरोधकाचा आक्षेप त्याच बातमीपत्रात. आणि सहा महिन्यांनी त्या घोषणेचे काय झाले तेही त्याच वेळेला. विधिमंडळाचे अधिवेशन मुंबईत असो वा नागपुरात, २८८ आमदारांपैकी आपल्या भागातल्याने कोणता प्रश्न विचारला आणि कोणते उत्तर मिळाले, हे जिल्हावार सांगावे. आणि चूक झाली तर त्याच आवाजात, तितक्याच शुद्ध उच्चारात, ती दुरुस्त करावी. यात क्रांती कसलीही नाही. १९९० चा कायदा जे मागतो त्यापेक्षा एक अक्षर मी अधिक मागितलेले नाही.

आपण प्रेक्षकांनीही एक करायचे आहे. पत्रे लिहा. पुण्याच्या वृत्तविभागासाठी लोक ओरडले तसे ओरडा. बातमीत 'करण्यात आले' ऐकू आले की, 'कोणी?' असे विचारणारे एक पोस्टकार्ड वरळीला धाडा. दररोज शंभर पोस्टकार्डे गेली तर वर्षभरात कर्ता सापडेल.

आमच्या नाशिककरांपुढे तर कसोटी आयतीच आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ. जानेवारी २०२५ मध्ये या जिल्ह्याला पालकमंत्री जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती नेमणूक स्थगित झाली. सत्तेतल्या मित्रांचीच ओढाताण. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव निघाला आणि माणसे झाडांना बिलगून उभी राहिली. कुंभाच्या कामांचे पैसे, ठेके, रस्ते, गोदावरीचे पाणी, यांतली प्रत्येक गोष्ट राज्याच्या राजकारणाची आहे. दूरदर्शनचे कॅमेरे रामकुंडावरचे शाही स्नान आकाशातून फार सुंदर टिपतील, याविषयी शंका नाही. ते टिपावेच. पण त्या डुबकीच्या पाण्यात गटार कोठून मिसळते आणि ते थांबवायचे पैसे कोणी कोठे खर्चले, हे विचारणारा एक वार्ताहर त्याच घाटावर, त्याच संस्थेच्या नावाने, हातात तोच ध्वनिक्षेपक घेऊन उभा आहे काय, ते आपण पाहायचे. असला तर ती दूरचित्रवाणी आपली. नसला, तर डफ वाजतो आहे एवढेच समजायचे आणि ओट्यावरून उठून प्रश्न आपणच विचारायचा.